डबल मीनिंग शब्द, मुलं-मुली आणि ‘चांगलं म्हणवून घेण्याची’ गरज : लघुप्रबंधासाठी चाचणी कशी बांधावी?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. एम.ए. मानसशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी विषय घेतलाय. डबल मीनिंग शब्द ऐकल्यावर मुलं काय उत्तर देतात, मुली काय देतात, आणि ज्याला लोकांनी चांगलं म्हणावं याची जास्त ओढ असते त्याच्या उत्तरात काय फरक पडतो, असा.

आराखडा असाय : ४० शब्द. २० द्वयर्थी, २० साधे. एका वर्गात ६० मुलं, ६० मुली बसवायच्या. मी एकेक शब्द वाचणार, त्यांनी पहिल्या झटक्यात सुचेल तो शब्द कागदावर लिहायचा. लगेच त्यावर मार्लो-क्राउनची मोजपट्टी (लोकांनी चांगलं म्हणावं ही गरज किती, ते मोजणारी प्रश्नावली) भरून घ्यायची. मध्यकाच्या (गुण क्रमानं लावल्यावर मधोमध येणाऱ्या गुणाच्या) वरचे आणि खालचे असे दोन गट पाडायचे आणि ‘टी’ चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी) लावायची.

द्वयर्थी शब्दांची मराठी यादी तयार मिळते का कुठं? मोजपट्टी मराठीत आणताना काय सांभाळायचं? आणि चावट उत्तर कोणतं, साधं कोणतं, हे कुणी ठरवायचं? गाईड म्हणायलेत, आधी यादी आणा मग बोलू.

गोदातीर (नांदेड)

यादी नंतर. आधी मोजायचं काय ते ठरवा.

शब्द कानावर पडल्यापासून उत्तर येईपर्यंत तीन गोष्टी घडतात. दुसरा अर्थ मुळात ठाऊक हवा. ठाऊक असला तरी त्या क्षणी सुचायला हवा. आणि सुचला तरी समोरच्याला सांगावासा वाटला पाहिजे. तुमच्या आराखड्यात या तिन्ही गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या आहेत. ‘मुलींची चावट उत्तरं कमी आली’ एवढं हाती आलं, तर त्यांना अर्थ ठाऊक नव्हता, सुचला नाही, की सुचलेला गिळला, यातलं काहीच सांगता येणार नाही. मान्यतेच्या गरजेचा खरा संबंध बहुतेक तिसऱ्या टप्प्याशी आहे, आणि तोच टप्पा तुमच्या रचनेत वेगळा दिसत नाही.

सुचलंच नाही की सांगितलं नाही, हे भांडण मानसशास्त्रात जुनं आहे. मॅकगिनीज यांनी १९४९ मध्ये ८ पुरुष आणि ८ स्त्रियांना १८ शब्द पडद्यावर क्षणभर दाखवले. ११ साधे, ७ निषिद्ध. निषिद्ध शब्द ओळखायला जास्त वेळ दाखवावे लागले, आणि ओळखायच्या आधीच तळहाताच्या घामाची विद्युत नोंद वाढलेली दिसली. निष्कर्ष निघाला की मन असले शब्द आत येऊ देत नाही. पुढच्याच वर्षी हाउज आणि सॉलोमन यांनी दोन साधे आक्षेप घेतले. एक, हे शब्द छापील मजकुरात क्वचित येतात, म्हणून ओळखायला वेळ लागतो. दोन, शब्द ओळखू येऊनही प्राध्यापकासमोर तोंडातून काढायला माणूस कचरतो, खात्री होईपर्यंत थांबतो. दुसरा आक्षेप म्हणजेच तुमचा विषय.

क्राउन आणि मार्लो यांची १९६० ची मोजपट्टी याच कामाला येते. त्याआधीच्या एडवर्ड्स यांच्या अशाच मोजपट्टीतल्या ३९ विधानांत मानसिक त्रासाची लक्षणं मिसळलेली होती. ‘मला त्रास नाही’ असं खरंखुरं सांगणाऱ्यालाही तिथं जास्त गुण मिळत. क्राउन-मार्लो यांनी ३३ विधानं अशी निवडली की समाज त्यांना चांगलं म्हणतो, पण प्रत्यक्षात तसं वागणारा विरळा. १८ विधानांना ‘बरोबर’ म्हटलं की गुण, १५ ना ‘चूक’ म्हटलं की गुण. ० ते ३३.

आणि एक गैरसमज आताच काढून टाका. जास्त गुण म्हणजे सोवळा माणूस, असं नाही. क्राउन आणि स्ट्रिकलंड यांनी १९६१ मध्ये लोकांना सुचतील ते शब्द बोलत राहायला सांगितलं, आणि अनेकवचनी नाम आलं की फक्त मान हलवून हुंकार दिला. मान्यतेची गरज जास्त असलेल्यांची अनेकवचनं जास्त वाढली. म्हणजे ही माणसं समोरच्याचा चेहरा वाचतात. समोरचा आठ्या घालणारा असेल तर गप्प होतील, समोरचा मोकळेपणाला दाद देणारा असेल तर इतरांपेक्षा जास्त मोकळी होतील. गॅलब्रेथ आणि मोशर यांनी १९६८ मध्ये द्वयर्थी शब्दांवरची उत्तरं, लैंगिक अपराधभाव आणि बाहेरून मिळणारी पसंती यांचा एकत्र अभ्यास केला तो याच धाग्यावर. ते काम वाचल्याशिवाय यादीला हात लावू नका.

मोंढानाका

गोदातीर यांनी वरचं सांगितलं, मी यादीचं सांगतो. तयार मराठी यादी शोधू नका. सापडली तरी ती पुण्या-मुंबईची असणार, आपल्याकडं उपयोगाची नाही.

‘माल’ घ्या. मुंबईच्या कॉलेजात हा शब्द वाचला तर वर्गात खसखस पिकेल. लातूरच्या मोंढ्यात ज्याच्या घरची आडत आहे त्याला विचारा. तो सोयाबीन म्हणेल, कट्टा म्हणेल, हमाल म्हणेल. त्यानं काही लपवलं नाही, त्याच्या डोक्यात तो अर्थ वरच बसलेला असतो. तसंच ‘केळी’. अर्धापूरकडच्या पोराच्या तोंडून घड, बाग, वाफसा, पील असंच येणार. हे दोन शब्द यादीत ठेवून मुलं-मुलींची तुलना केली, आणि मुलींत शेतकरी घरच्या जास्त निघाल्या, तर तुम्ही शेतीचा फरक मोजून त्याला स्त्री-पुरुष फरक म्हणाल.

म्हणून यादी अशी बांधा. ८० शब्द गोळा करा. ४० जण घ्या, २० मुलं, २० मुली, त्याच कॉलेजांतले पण नंतर मुख्य चाचणीत न येणारे. नाव न लिहिता प्रत्येक शब्दाचे ठाऊक असतील तेवढे अर्थ लिहायला सांगा, आणि प्रत्येक अर्थ कानावर किती पडतो ते १ ते ७ मध्ये. कागद पेटीत टाकायचे, तुमच्या हातात द्यायचे नाहीत. जो शब्द साध्या अर्थानं सगळ्यांना ठाऊक, आणि चावट अर्थानं मुलं व मुली दोन्हींत किमान ७० टक्क्यांना ठाऊक, तोच ठेवा. दोन्हींत फरक फार असेल तर काढा. पण २० जणांत १५ टक्के म्हणजे तीन माणसं, तेव्हा उगं एका-दोघांच्या फरकावर शब्द मारू नका.

‘चुंबन’, ‘ओठ’, ‘रात्र’ असले शब्द द्वयर्थीत घालू नका. त्यांना एकच अर्थ आहे, फक्त तो रंगेल आहे. द्वयर्थी शब्दाची गंमत अशी की उत्तर देणाऱ्याला पळवाट असते. ‘गरम’ म्हणलं की ‘चहा’ म्हणून सुटता येतं. ‘दाबणे’ म्हणलं की ‘बटन’. ती पळवाट कोण घेतं आणि किती वेळ लावून घेतं, हेच तर पाहायचंय.

साधे शब्द जोडीनं निवडा. ‘पलंग’ असेल तर ‘कपाट’, ‘दाबणे’ असेल तर ‘मोजणे’. अक्षरं सारखी, परिचय सारखा, क्रियापदाला क्रियापद. वृत्तपत्रांवरून काढलेली शब्दवारंवारता घेऊ नका. चावट अर्थ वर्तमानपत्रात येतच नाही, त्यामुळं तो आकडा फसवा.

हिमरू (छ. संभाजीनगर)

मोजपट्टीच्या भाषांतराबद्दल. सरळ वाक्याला वाक्य केलं तर दोन ठिकाणी घसराल.

पहिली घसरण व्याकरणाची. मूळ इंग्रजीत ‘मी’ला लिंग नाही. मराठीत ‘मी कधी कुणावर मनापासून चिडलो नाही’ असं छापलं की मुलगी ते मुलाच्या तोंडचं वाक्य म्हणून वाचते. ‘चिडलो/चिडले’ असं तिरकी रेघ मारून छापलं तर प्रत्येक ओळीला तिला आठवण होते की तू मुलगी आहेस. तुम्हाला स्त्री-पुरुष फरक पाहायचाय आणि तुमची मोजपट्टीच तो जागा करतेय. इलाज मराठीतच आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ घ्या : ‘मी कधी कुणाची चहाडी केली नाही’. इथं क्रियापद चहाडीमागं जातं, बोलणारा कुणीही चालतो. किंवा ‘मला… वाटतं’, ‘माझ्याकडून… होतं’ अशी रचना. नाहीतर सरळ दोन वेगळ्या प्रती छापा.

दुसरी घसरण संदर्भाची. मूळ मोजपट्टीत एक विधान असं की घरी जेवतानाची माझी शिस्त हॉटेलात जेवतानासारखीच असते. तिथं हॉटेल म्हणजे टेबलावरच्या शिष्टाचाराची जागा. आपल्याकडं ढाब्यावर माणूस घरापेक्षा मोकळा बसतो. विधानाचा अर्थच उलटा होतो. त्याऐवजी ‘पाहुणे असोत नसोत, माझं जेवणातलं वागणं सारखंच असतं’ असं करावं लागेल. तिकीट न काढता सिनेमाला जाण्याचं विधानही आता जुनं वाटतं, एस.टी.च्या तिकिटावर नेलं तर बसतं. मतदानाआधी सगळ्या उमेदवारांची पात्रता नीट तपासतो, हे विधान मात्र जसंच्या तसं चालतं, आपल्याकडं तर फारच चांगलं चालतं.

भाषांतर झालं की मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्या आणि ताडा. मग ३०-४० जणांकडून भरून घेऊन प्रत्येक विधानाचा एकूण गुणांशी संबंध काढा. मूळ मोजपट्टीची अंतर्गत सुसंगती (विधानं एकमेकांशी किती जुळतात, १ म्हणजे पूर्ण) ०.८८ होती आणि महिन्याभरानं पुन्हा घेतल्यावर दोन्ही वेळच्या गुणांचा मेळ ०.८९. तुमची ०.७० च्या खाली गेली तर सगळ्यात आधी ‘नाही’वाली विधानं तपासा. ‘मी कधीच… नाही’ याला ‘चूक’ अशी खूण करताना मराठी वाचक हमखास गोंधळतो. ३३ विधानं जड वाटली तर रेनॉल्ड्स यांचा १९८२ चा १३ विधानांचा छोटा अवतार आहे.

तेरणामाई

वर्गात सामूहिक चाचणी घेऊ नका. मागच्या बाकावर एक जण खुदकन हसला की चाचणी संपली. त्या क्षणापासून मुलं एकमेकांसाठी लिहितात आणि मुली एकमेकींचा कागद दिसतो का ते बघतात. पहिल्या तुकडीनं यादी संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर टाकली की दुसरी तुकडी तयारी करून येते.

एकेकाला बोलवा. आणि चाचणी घेणारा कोण, हे तुमच्या प्रयोगातलं सर्वांत मोठं चल आहे. मुलीसमोर पुरुष बसला आणि मुलासमोरही पुरुषच बसला, तर ही तुलना मुलगा आणि मुलगी यांची होत नाही. ‘स्वतःच्या लिंगाच्या माणसासमोर’ आणि ‘दुसऱ्या लिंगाच्या माणसासमोर’ यांची होते. किमान दोन बाया, दोन पुरुष चाचणी घ्यायला हवेत. एकच बाई आणि एकच पुरुष ठेवला तर फरक लिंगाचा की त्या दोन माणसांच्या स्वभावाचा, हे सांगता येत नाही.

‘बाया असलं बोलत नाहीत’ हे गृहीत धरून निघू नका. हळदीच्या रात्री व्याह्याला आणि विहिणीला उद्देशून जी गाणी होतात ती ऐकली तर चावटपणात पुरुषांची मंडळी मागं पडते. आपल्याकडच्या कोड्यांचंही तसंच. ऐकताना भलतंच वाटतं, उत्तर निघतं उखळ नाहीतर कुलूप, आणि लाजायची पाळी ऐकणाऱ्यावर. तीच बाई सरपंचासमोर गप्प. तिच्याजवळ शब्द असतात. समोर कोण बसलंय, यावर ती ते वापरते की नाही हे ठरतं.

अलेक्झांडर आणि फिशर यांनी २००३ मध्ये हे फार छान दाखवलं. लैंगिक वागणुकीची तीच प्रश्नावली तीन पद्धतींनी भरून घेतली. एका गटाला वाटत होतं की उत्तरं दुसरा विद्यार्थी पाहू शकतो, दुसऱ्याला पूर्ण गुप्तता होती, तिसऱ्याला खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडल्याचा भास दिला होता. काही बाबतींत स्त्री-पुरुषांतला फरक ‘कुणीतरी पाहील’ वाल्या गटात सगळ्यात मोठा आला आणि यंत्रवाल्या गटात जवळजवळ गेला. खोट्या यंत्राची ही युक्ती जोन्स आणि सिगल यांची, १९७१ ची. तुम्ही यंत्र लावू नका, फसवणुकीची परवानगी मिळवताना वर्ष जाईल. पण त्यातली कल्पना उचला.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. सामूहिक चाचणी रद्द. पण मग सुचणं आणि सांगणं वेगळं करायचं तरी कसं? यंत्र नाही, प्रयोगशाळा म्हणजे एक खोली आणि दोन कपाटं.

गोदातीर

त्याच माणसाकडून दोन्ही घ्या. शब्दांच्या अ आणि ब अशा दोन याद्या करा, प्रत्येकीत १० द्वयर्थी, १० साधे. एक यादी समोर बसून तोंडी. दुसरी यादी पडद्याआड एकट्यानं, लिहून, पाकीट बंद करून पेटीत. कुणाला अ तोंडी, कुणाला ब तोंडी. कुणाला तोंडी आधी, कुणाला लेखी आधी. चार जोड्या होतात, त्या समान वाटायच्या. शेवटी चाळीसही शब्दांचे ठाऊक असलेले अर्थ, पुन्हा निनावी.

आता तिन्ही टप्पे सुटे झाले. अर्थ लिहिलाच नाही, तर ठाऊक नव्हता. ठाऊक आहे पण लेखीतही आला नाही, तर बहुधा सुचला नाही. लेखीत येतो आणि तोंडी येत नाही, तर गिळला. मान्यतेची गरज तोंडी-लेखीतल्या या फरकाशी जोडून पाहा. नुसत्या एकूण चावट उत्तरांशी जोडाल तर काहीच हाती लागायचं नाही.

तोंडी भागात गिळल्याच्या खुणाही टिपा. युंग यांनी शंभर शब्दांच्या चाचणीत ज्या खुणा सांगितल्या त्याच : वेळ जास्त लागणं, दिलेलाच शब्द परत म्हणणं, ‘काय म्हणालात?’ असं विचारणं, मागच्या शब्दाचं उत्तर इथं चिकटणं, दुसऱ्या फेरीत पहिलं उत्तर न आठवणं. यमक जुळवून सुटका करून घेणं हा प्रकारही खूप दिसतो, ‘माल’ला ‘लाल’. हसू आलं तर वेगळी खूण करा, त्याला गुण देऊ नका.

सुरुवातीला पाच साधे शब्द सरावाला. दोन द्वयर्थी शब्द लागोपाठ नकोत. पहिलाच द्वयर्थी शब्द सौम्य असू द्या. तो भडक निघाला तर माणूस उरलेली यादी दारातच तपासून आत घेतो.

कायस्क्वेअर (बीड)

वेळ मोजायला स्टॉपवॉच नको. बोटाचा उशीरच ०.२ सेकंदाच्या आसपास असतो, आणि चाचणी घेणाऱ्याला चावट शब्द कोणता ते ठाऊक असल्यानं तो उशीर सगळीकडं सारखा राहत नाही. शब्द आधी रेकॉर्ड करून स्पीकरवरून वाजवा, मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवून सगळं ध्वनिमुद्रित करा, मग ऑडॅसिटी किंवा प्रात (Praat) या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये लाटेवर शब्द सुरू झाल्याची आणि उत्तर सुरू झाल्याची खूण करा. ‘अं…’ हे उत्तर धरायचं नाही, पण त्याची नोंद ठेवायची. १२८ जण (हा आकडा का, ते खाली सांगतो) गुणिले २० शब्द म्हणजे २,५६० उत्तरं. एकेकाला २० सेकंद धरले तर १४ तासांचं काम, त्याची तयारी ठेवा. सायकोपाय (प्रयोग चालवायचं सॉफ्टवेअर) येत असेल तर बरंच आपोआप होतं.

कुणी मुळातच सावकाश बोलतो. म्हणून प्रत्येकाचा द्वयर्थी शब्दांचा मध्यक वजा त्याच्याच साध्या शब्दांचा मध्यक, असा फरक वापरा. १० सेकंदांत उत्तर नाही आलं तर ‘निरुत्तर’.

१२८ कुठून आले? दोन गुणिले दोन रचना, मध्यम आकाराचा परिणाम, ५ टक्के पातळी (योगायोगाला फरक समजण्याचा धोका), ८० टक्के क्षमता (खरा फरक सापडण्याची शक्यता), एवढं धरलं की एकूण १२८ लागतात. आधीचे १२० फार लांब नव्हते. पण एका गटात परिणाम उलटाच फिरतो अशी आंतरक्रिया असेल तर ती यात दिसेल. एका गटात तो नुसता निम्म्यावर येतो अशी असेल तर १२८ मध्ये दिसण्याची आशा धरू नका, आणि ‘फरक नाही’ असंही लिहू नका. फक्त एक साधा सहसंबंध पाहायचा असता, ०.३० च्या आसपासचा, तर ८५ जणांत भागलं असतं.

मध्यकावर दोन गट पाडू नका. १६ गुणवाला ‘कमी’ आणि १७ वाला ‘जास्त’, पण १७ आणि ३० एकाच दावणीला. गुण तसेच ठेवून प्रतिगमनात (एका गोष्टीवरून दुसरीचा अंदाज काढणाऱ्या गणितात) घाला, सरासरी वजा करून.

आणि ‘टी’ चाचणीचा हट्ट सोडा. दहापैकी चावट उत्तरं किती, हा मोजणीचा आकडा आहे. निम्म्या लोकांचा शून्यच येणार. प्रत्येक उत्तर चावट, हो की नाही असं धरून मिश्र लॉजिस्टिक प्रतिगमन (हो-नाही उत्तरांसाठीचं) करा. लिंग, मान्यता-गुण, तोंडी-लेखी, चाचणी घेणाऱ्याचं लिंग हे स्थिर घटक (ज्यांचा परिणाम पाहायचाय ते), व्यक्ती आणि शब्द हे यादृच्छिक (मोठ्या साठ्यातून उचललेला नमुना). शब्द यादृच्छिक घटक म्हणून घातला नाही तर निष्कर्ष फक्त त्या वीस शब्दांपुरता उरतो. क्लार्क यांनी १९७३ मध्येच हे बजावून ठेवलंय. यासाठीची आर आणि जामोवी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

मोंढानाका

चावट कोणतं ते कुणी ठरवायचं, हा प्रश्न तसाच राहिला.

कायस्क्वेअर

दोन परीक्षक, एक स्त्री, एक पुरुष. ० साधं, १ दोन्हीकडं झुकणारं, २ उघड. उत्तरं टाइप करून, क्रम विस्कटून द्या. मूळ कागद देऊ नका, अक्षरावरून मुलगा-मुलगी ओळखतात. उत्तर एकटं देऊ नका, मूळ शब्दासोबत द्या. ‘गादी’ हे ‘पलंग’ला साधं आहे, ‘गरम’ला कदाचित नाही.

एकमत टक्क्यांत सांगू नका, कापा (kappa, योगायोगाचा वाटा वजा करून मोजलेलं एकमत) काढा. समजा १ आणि २ एकत्र धरून १०० उत्तरांत दोघंही ३० ना चावट म्हणतात, आणि ९० ठिकाणी एकमत आहे. नुसत्या योगायोगानं होणारं एकमत ०.३ गुणिले ०.३ अधिक ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.५८. कापा = (०.९० – ०.५८) भागिले ०.४२, म्हणजे ०.७६. ९० टक्के ऐकायला भारी वाटतं, खरा आकडा हा. ०.६० च्या खाली आला तर परीक्षकांना दोष देण्याआधी ‘१’ची व्याख्या सुधारा. भांडण तिथंच असतं.

पानचक्की

सगळं छान चाललंय, पण संमतीपत्रात काय लिहिणार? ‘काही शब्दांचे अश्लील अर्थ निघतात’ असं आधीच सांगितलं की प्रयोग गेला. सगळे तोच अर्थ शोधत बसणार. माझ्या मते ‘भाषाविषयक चाचणी’ एवढंच सांगावं आणि नंतर खुलासा करावा.

तेरणामाई

नाही पटलं. बंद खोलीत पुरुष चाचणी घेणारा मुलीला एकेक शब्द ऐकवतो, आणि तिला आधी कल्पना नाही. ती उद्या तक्रार घेऊन कॉलेजच्या अंतर्गत समितीकडं (लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणारी) गेली तर ती चूक म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाविरुद्धचे २०१५ चे नियम विद्यार्थिनींनाही लागू आहेत. ‘प्रयोग होता’ हे उत्तर नंतर पुरत नाही.

पानचक्की

मुद्दा मान्य, पण मग उद्दीपकाचं (ऐकवलेल्या शब्दाचं) पावित्र्य गेलं.

तेरणामाई

पूर्ण जात नाही. मधला मजकूर असा : ‘या चाचणीत रोजच्या वापरातले शब्द आहेत. त्यांतले काही शब्द काहींना अवघडल्यासारखे वाटू शकतात. कोणत्याही शब्दाला पास म्हणता येईल, कधीही उठून जाता येईल. चाचणी घ्यायला स्त्री हवी की पुरुष, हे सांगता येईल.’ ही सूचना सगळ्यांना सारखीच, त्यामुळं मुलं-मुली तुलनेत ती खोट आणत नाही.

कायस्क्वेअर

त्या मजकुरातल्या शेवटच्या वाक्यानं मात्र माझी रचना मोडते. चाचणी घेणारा ज्यानं-त्यानं निवडला तर यादृच्छिक वाटप राहिलं नाही. असं करा. आधी वाटप करा, ते सांगा, आणि नको असेल तर बदलून द्या. बदलणाऱ्यांचा वेगळा हिशेब ठेवा, मुख्य विश्लेषणात घेऊ नका. किती जणांनी आणि कुणी बदलून मागितलं हाच एक निष्कर्ष होईल.

पानचक्की

एक शंका तरीही उरते. ‘अवघडल्यासारखं वाटेल’ हे वाक्य मान्यतेची गरज असलेल्यालाच जास्त सावध करणार. सूचना सगळ्यांना सारखी असली तरी तिचा परिणाम सारखा नसेल.

गोदातीर

बरोबर आहे, आणि ते टाळता येत नाही. पण तोंडी आणि लेखी दोन्ही त्याच सूचनेखाली होतात, म्हणून त्या दोन्हीतला फरक बऱ्यापैकी वाचतो. मर्यादांच्या प्रकरणात पानचक्की यांचं हे वाक्य जसंच्या तसं घाला, तोंडी परीक्षेत नक्की विचारतील.

वय तपासा. प्रथम वर्षात सतरा वर्षांची मुलं असतात. १८ पूर्ण झालेलेच घ्या. आणि ज्या वर्गाचे अंतर्गत गुण तुमच्या गाईडच्या हातात आहेत तो वर्ग घेऊ नका. तिथं मान्यतेची गरज सगळ्यांचीच वाढलेली असते.

हिमरू

एक राहिलं. मार्लो-क्राउन शब्दांच्या चाचणीनंतर लगेच नको. आत्ताच चार चावट उत्तरं दिलेला माणूस मोजपट्टीवर स्वतःला सावरून घेतो, आणि तुम्हाला वाटतं गुण स्वभावाचे आहेत. आठवडाभर आधी, दुसऱ्या माणसाकडून, आणखी दोन-तीन निरुपद्रवी प्रश्नावल्यांमध्ये मिसळून भरून घ्या. जुळवणीसाठी नाव किंवा हजेरी क्रमांक नको. आईच्या नावाचं पहिलं अक्षर, जन्मतारखेचे दोन अंक, मोबाईलचे शेवटचे दोन अंक, असा संकेत त्यानं स्वतः लिहायचा.

मांजराकाठ

गाईडना दाखवला नवा आराखडा. १२८ ऐकून भुवया वर गेल्या, पण हो म्हणाले. त्यांचं म्हणणं दोन महिन्यांत आटपा. १२८ जमले नाहीत तर कुठं कात्री लावू? आणि ध्वनिमुद्रणं किती दिवस ठेवायची?

कायस्क्वेअर

एकच कॉलेज घ्या, प्रवास वाचेल. प्रतिसाद-काल सोडून द्या, १४ तास वाचतील. माणसं कमी करू नका. तोंडी-लेखी जोडीला तर हातच लावू नका.

तेरणामाई

आवाजावरून माणूस ओळखतो, विशेषतः एकाच कॉलेजात. उत्तरं टाइप झाली, परीक्षकांचा कापा निघाला, की आवाजाच्या फाइली पुसा आणि ती तारीख संमतीपत्रात आधीच छापा. तोवर फाइली तुमच्या स्वतःच्या फोनवर नकोत, पासवर्ड असलेल्या एका पेनड्राइव्हवर ठेवा. फोनमधलं मुद्रण आपोआप क्लाउडवर जात असेल तर ते पहिल्या चाचणीच्या आधी बंद करा, नंतर पुसूनही तिथं शिल्लक राहतं.

मोंढानाका

आणि ८० शब्दांची पहिली यादी इथं टाकू नका, लातूरची अर्धी पोरं हा धागा वाचायलेत. गाईडकडंच द्या.